चाकं फिरवली, पण गाडीला कोणी सांगितलंच नाही! (टायर प्रेशर सेन्सरचा घोळ)

तिसरं_गेट (शनिवार, रात्री 10.05)

नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा. उद्या सकाळी बेळगावहून चोर्ला घाटातून म्हापशाला जायचंय आणि घरात डबे भरून तयार आहेत.

गाडी पाच वर्षांची, पुढच्या चाकांवर ओढणारी, 31 हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यात नाव लिहिलं तर दोन पानं कंपन्यांची भांडणं झाली आणि माझा प्रश्न तसाच राहिला. बुधवारी टायर रोटेशन (चाकांच्या जागांची अदलाबदल), अलाइनमेंट, बॅलन्सिंग असं सगळं करून घेतलं. आज संध्याकाळी काँग्रेस रोडवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. स्क्रीनवर 'पुढचा डावा 26', बाकी तिन्ही 33 (हवेचा दाब, पीएसआयमध्ये).

पंपावर गेलो. पोराने पुढच्या डाव्याला नळी लावली तर मशीन लगेच वाजलं. म्हणतो, "बरोबर आहे ओ, 33 आहे." मी म्हटलं तुझं मशीन खोटं, माझ्या स्क्रीनवर 26 आहे की. हट्टाने 38 मारायला लावले. दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत येऊन बघतो तर पुढचा डावा अजून 26 च. आणि मागचा उजवा 38! त्याला तर कोणी हातही लावला नव्हता.

सेन्सर गेला का? रिसेट कसा करायचा? मेनूत तसलं बटण कुठं दिसेना.

कुंदाप्रेमी

काय करूलास रे एवढ्या रात्री. बॅटरीची मायनस वायर काढून अर्धा तास ठेव. सगळं रिसेट होतंय. माझ्या गाडीत घड्याळसुद्धा रिसेट झालेलं.

निपाणीकर

माझ्या गाडीत 'सेट' असं बटण आहे. तीन-चार सेकंद दाबून धरायचं, टिंग वाजतं, झालं काम. मॅन्युअल बघा, तुमच्यात पण असणार.

उद्यमबाग (रात्री 10.40)

थांबा. बॅटरी काढू नका, बटणही शोधू नका. चारही सेन्सर ठणठणीत आहेत आणि पंपावरचं मशीनही. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

हवा भरली पुढच्या डाव्यात आणि आकडा वाढला मागच्या उजव्यात. म्हणजे पूर्वी मागे उजवीकडे असलेलं चाक आता पुढे डावीकडे बसलंय. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या बुडाला एक सेन्सर असतो आणि त्याला स्वतःचा नंबर असतो. तो रेडिओवर एवढंच सांगतो की मी अमुक नंबर, माझ्यात हवा इतकी. आपण कुठल्या कोपऱ्यात बसलोय हे त्याला ठाऊक नसतं. कुठला नंबर कुठल्या कोपऱ्यात ही यादी गाडीच्या कॉम्प्युटरकडे असते. चाकं फिरवली, यादी जुनीच राहिली.

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत नेहमीची रीत अशी, की पुढची दोन चाकं सरळ त्याच बाजूला मागे जातात आणि मागची दोन तिरकी होऊन पुढे येतात. तुमचा 38 चा आकडा याच रितीला जुळतो. मग स्क्रीन ज्याला 'पुढचा डावा' म्हणतेय ते चाक आता कुठं असेल? मागे डावीकडे. 26 तिथं आहेत. 33 मधून 20 टक्के वजा केले की 26.4 उरतात, बऱ्याच गाड्यांत दिवा त्याच्याच आसपास लागतो. तो लागला ते बरोबरच झालं, फक्त पत्ता चुकला.

चप्पल घाला, बॅटरी घ्या (टॉर्च, गाडीची नव्हे!) आणि मागचा डावा बघा.

तिसरं_गेट (रात्री 11.15)

ओ काय सांगू. मागच्या डाव्यात मोळा! अगदी मधोमध, डोकं घासून चकचकीत झालेलं. थुंकी लावली तर बारीक बुडबुडे येऊलेत.

पुणेरी_स्टेपनी

मोळा म्हणजे काय?

निपाणीकर

खिळा हो. तुमच्याकडं खिळा, आमच्याकडं मोळा. कानडीत मोळे. टायरला भाषेचं काही नसतंय, कशानेही बसतोच.

उद्यमबाग

आत्ता उपटू नका, रात्रीत टायर रिमवर बसेल. सकाळी पंक्चरवाल्यासमोरच काढा. मधोमध असेल तर स्ट्रिपने भागतं, पण गोव्याहून आल्यावर टायर उतरवून आतून पॅच मारून घ्या. साइडवॉलला असता तर टायरच गेला असता.

अजून एक. पुढचा डावा 38 वरून खाली आणा, पण 33 नको, 35 ठेवा. बाकी तीन 33. दोन पीएसआयने काही बिघडत नाही आणि आपल्याला खूण राहते. काही गाड्या सेन्सरची जागा स्वतःच ओळखतात. चाक फिरत असताना सेन्सर विशिष्ट कोनात आला की सिग्नल सोडतो, गाडी तो एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकमोजणीशी जुळवते आणि कोण कुठं बसलंय ते शोधते. त्यासाठी गाडी काही वेळ उभी राहावी लागते, मग दहा-पंधरा मिनिटं सलग पळवावी लागते. गावातल्या गावात, सिग्नलला थांबत थांबत, ते कधी होतच नाही. उद्या जांबोटी ओलांडेपर्यंत जास्तीचा आकडा 'पुढचा डावा' मध्ये आला तर तुमची गाडी हुशार. मागच्या उजव्यातच राहिला तर तिला कोणीतरी शिकवावं लागेल.

चंदगडी

माझं बरं आहे. साडेतीन हजारांत बाहेरून घेतलेलं, व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून लावायचे सेन्सर, आणि काचेजवळ उन्हावर चालणारा छोटा डबा. टोपणांवर एक-दोन-तीन-चार लिहिलंय. चाकं फिरवली की टोपणं काढून आपापल्या जागी परत लावायची. संपलं.

अडचण एवढीच, की शिनोळीच्या बाजारात गाडी लावली आणि दोन टोपणं गेली. नेणाऱ्याला त्याचा उपयोग काय हे मला अजून कळलेलं नाही.

निपाणीकर

उद्यमबागदादा, पण माझ्यात बटण आहे हे खरंय ओ. मी रोटेशननंतर दरवेळी दाबतो आणि दिवा जातो.

उद्यमबाग (रविवार, सकाळी)

तुमचंही खरंय. तुमच्या गाडीत चाकांत सेन्सर नाहीतच.

हवा कमी झाल्याचं सांगणाऱ्या यंत्रणेच्या दोन जाती आहेत. तिसऱ्या गेटवाल्यांची थेट मोजणारी, स्क्रीनवर चार आकडे येतात. तुमची अंदाज बांधणारी. तिच्यात एबीएससाठी जी चाकमोजणी आधीपासून आहे तीच वापरलेली असते. हवा कमी झाली की चाक किंचित बसतं, त्रिज्या कमी होते, आणि तेवढंच अंतर कापायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडी तो फरक पकडते. म्हणून तुमच्या स्क्रीनवर पीएसआय कधीच दिसत नाही, नुसता दिवा लागतो. बरोबर?

निपाणीकर

बरोबर! मला वाटायचं वरच्या मॉडेलमध्ये आकडे देतात आणि आमचे पैसे वाचवलेत.

उद्यमबाग

पैसे वाचवलेतच, कंपनीने स्वतःचे. पण ही पद्धत वाईट नाही. सेन्सर नाही म्हणून सेन्सरची बॅटरी संपत नाही, टायर उतरवताना तो तुटतही नाही.

तुमच्याकडं रोटेशननंतर बटण दाबणं गरजेचंच, कारण पुढचे टायर जास्त झिजलेले असतात. जागा बदलल्या की त्रिज्यांचं गणित बदलतं. फक्त एक ध्यानात घ्या. ते बटण हवा तपासत नाही. ते गाडीला सांगतं, "आत्ता जे आहे ते बरोबर समज." एका चाकात 25 असताना दाबलंत तर गाडी 25 लाच बरोबर धरून बसते आणि दिवा विझतो. गडी खुश, टायर आतून मरतोय. आधी चारही थंड असताना गेजने मोजायचे, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर आहे त्याप्रमाणे भरायचे, आणि मगच बटण. शिवाय चारही चाकांची हवा महिनाभरात सारखीच उतरली तर फेऱ्यांत फरकच पडत नाही, मग साधी प्रणाली गप्प राहू शकते.

खरं सांगा, दाबायच्या आधी कधी गेज लावलात?

निपाणीकर

...दिवा जायचा की ओ.

भालकीवाला

आम्ही बिदरकडचे, या धाग्यात जरा लांबून. आमच्या मावसभावाने अमेरिकेतून सेन्सर आणले, इथल्यापेक्षा स्वस्त म्हणून. चार टायर उतरवले, बसवले, गाडीला एकही दिसेना. नंतर कळलं की तिकडचे बरेच सेन्सर 315 मेगाहर्ट्झवर बोलतात आणि आमची गाडी 433 वर ऐकते. दिसायला हुबेहूब. परत चार टायर उतरवले. मजुरीचा हिशेब काकूला अजून सांगितलेला नाही.

कुंदाप्रेमी

बॅटरी काढून बघितली का?

तिसरं_गेट (रविवार, दुपारी, म्हापसा)

पोहोचलो. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा स्क्रीन बघितली. तीन चाकं 36, मागचा उजवा 38. गरम झाल्यावर सगळे वाढले हे समजलं, पण जास्तीचा आकडा अजून मागच्या उजव्यातच. म्हणजे आमची गाडी हुशार नाही.

आता दुसरंच कोडं. मेव्हण्याकडं चांगलं गेज आहे.

तिसरं_गेट (सोमवार, सकाळी, म्हापसा)

वरचं अर्धवट राहिलं, जेवायला बोलावलं. तर रात्रभर गाडी उभी होती, आत्ता थंड टायर गेजने मोजले. बेळगावात पहाटे 33 केलेले तिन्ही इथं साडेबत्तीसच्या खाली आहेत. पुढचा डावा पण तसाच थोडा उतरलाय. परत मोळा? चारही चाकांत?

मलप्रभा

मोळा नाही, घाट उतरलात. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून राहवत नाही.

गेज काय दाखवतं? टायरच्या आतला दाब वजा बाहेरच्या हवेचा दाब. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, तिथं बाहेरची हवा विरळ. म्हापशात तुम्ही जवळपास समुद्रसपाटीला आलात, तिथं वातावरणाचा दाब सव्वा पीएसआयच्या आसपास जास्त. आतली हवा तेवढीच, पण वजा होणारा आकडा मोठा झाला, म्हणून गेज कमी दाखवतं. उलट तापमान तुमच्या बाजूने काम करतं. साधारण 6 अंशांनी तापमान वाढलं की टायरमध्ये एक पीएसआय वाढतो. बेळगावच्या पहाटेपेक्षा गोव्याची सकाळ चार-पाच अंश उबदार धरली तर सव्वा गेला आणि पाऊण परत आला. उरला अर्धा. तुमचं गेज खरंच चांगलं आहे.

याच हिशेबाने डिसेंबरात आपल्याकडं सकाळी दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो. मेमध्ये दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-चार पीएसआयने कमी भरते. सेन्सरला दोष देऊ नका, स्वेटर घालायचा काळ आला एवढंच तो सांगतोय.

पुणेरी_स्टेपनी

बेळगाव की बेळगावी? एकदा काय ते ठरवा.

मलप्रभा

सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी. टायरचा धागा आहे, टायरवर राहू या.

लोंढा_पॅसेंजर

माझा वेगळा प्रश्न. माझ्या गाडीत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर राहतो. चारही चाकांत हवा बरोबर आहे, गेजने बघितली. सात वर्षांची गाडी.

उद्यमबाग

लुकलुकून मग स्थिर होणारा दिवा म्हणजे हवेची नव्हे, यंत्रणेचीच तक्रार. सात वर्षं म्हणजे एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली असण्याची शक्यता जास्त. साधारण पाच ते दहा वर्षं चालते. ती आत सीलबंद असते, बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. मशीन लावून कुठला बोलत नाही ते बघा. नवीन टायर घ्यायचे असतील तर त्याच वेळी बदला, उतरवायची मजुरी एकदाच. स्टेपनी लावलीय का तेही बघा. बहुतेकांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो, मग गाडी चौथ्याला हाका मारत बसते.

लोंढा_पॅसेंजर

...स्टेपनीच लावलीय. दोन महिने झाले. खानापूरला पंक्चर काढून मूळ चाक डिकीत पडलंय.

उद्यमबाग

😀 नमस्कार घ्या. आणि तुमची स्टेपनी बाकीच्यांपेक्षा लहान मापाची असेल तर तिच्यावर 80 ची मर्यादा लिहिलेली असते, वाचा. आजच काढा.

तिसरं_गेट (मंगळवार, संध्याकाळी)

आज गाडीला शिकवून आणली. जिथं रोटेशन केलं तिथं नव्हे, दुसरीकडे. त्यांच्याकडं मोबाइलपेक्षा थोडं मोठं मशीन आहे. एक वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला, गाडी शिकाऊ मोडमध्ये टाकली, मग पोरगा मशीन घेऊन एकेका चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरत गेला. प्रत्येक वेळी बीप. दहा मिनिटांचं काम. आतून पॅचही मारून घेतला. पोरगा म्हणाला, "आयतु सर, एल्ला सरी इदे." (झालं सर, सगळं ठीक आहे.) चारही 33. दिवा नाही. उद्यमबागदादा, कुंदा घेऊन येतो, पत्ता कळवा.

उद्यमबाग

कुंदा नंतर. चारही 33 असताना कुठला कुठं दाखवतोय हे कळणार कसं? शनिवारी पण तिन्ही 33 दिसतच होते.

घरी गेज आणि पायपंप असेल तर सकाळी थंड असताना हे करा. पुढचा डावा 30, पुढचा उजवा 32, मागचा उजवा 34, मागचा डावा 36. कागदावर लिहून ठेवा. मग थोडी गाडी फिरवा. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, चाक फिरलं की जागे होतात. स्क्रीनवरचे आकडे कागदाशी जुळवा. हायवेला लागू नका त्या आकड्यांवर, गल्लीत एक फेरी पुरे.

कुंदाप्रेमी

पत्ता मी कळवतो. कुंद्याचा.

तिसरं_गेट (बुधवार, सकाळी 8.20)

पायपंपाने पोटऱ्या भरून आल्या. कागद असा: 30, 32, 34, 36, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने. तिसऱ्या गेटपर्यंत जाऊन आलो.

पुढचा डावा 30. बरोबर. पुढचा उजवा 32. बरोबर.
मागचा उजवा 36. मागचा डावा 34.

मागची जोडी उलटी!

उद्यमबाग

तो पोरगा चाकांपाशी कुठल्या क्रमाने फिरला, आठवतंय?

तिसरं_गेट

मी आत बसून बीप मोजत होतो. पुढचा डावा, पुढचा उजवा, मग तो गाडीपुढून वळसा घालून... आधी डाव्या बाजूला गेला. हो, कारण कंप्रेसरची नळी उजवीकडे पसरलेली होती आणि ती ओलांडायची नव्हती. डावा मागचा, मग शेवटी उजवा मागचा.

उद्यमबाग

सापडलं. शिकाऊ मोडमध्ये बऱ्याच गाड्या ठरलेल्या क्रमानेच ऐकतात. पुढच्या डाव्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. पोराने झेड काढला, गाडीला चौकोन हवा होता. तिसरी बीप वाजली तेव्हा गाडीने लिहून घेतलं, "हा मागचा उजवा." तिला काय माहीत नळी आडवी होती.

परत जा, न भांडता. चूक कुणाचीही होऊ शकते. फक्त यावेळी आत बसू नका, त्याच्याबरोबर चालत फिरा. आणि चारही 33 करायला विसरू नका, नाहीतर 30 आणि 36 वर तसेच हिंडाल.

मलप्रभा

कानडीत सांगायचं तर मुंदे एड, मुंदे बल, हिंदे बल, हिंदे एड. तसंच म्हणत चाला त्याच्याबरोबर.

तिसरं_गेट (बुधवार, दुपारी 1.10)

झालं. दोघं मिळून गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, मी म्हणत होतो आणि तो हसत होता. पैसे घेतले नाहीत त्याने. उलट नळी गुंडाळून भिंतीला अडकवली. मग तिथंच 30, 32, 34, 36 करून दाखवायला लावलं, त्यांच्या कंप्रेसरवर पाच मिनिटांत झालं. आवारात एक चक्कर मारली, चारही आकडे आपापल्या कोपऱ्यात. पुन्हा 33 करून आलो.

पंपावरच्या त्या पोराकडंही जाऊन आलो. "तुझं मशीन बरोबर होतं" म्हटलं. त्याला काही आठवलं नाही. "कुठली गाडी ओ?" म्हणाला.

निपाणीकर

मी पण आज गेज आणलं, दीडशे रुपयांचं. चारही चाकं मोजली. 27, 27, 26, 27.

उद्यमबाग

आणि दिवा?

निपाणीकर

नाही लागला. बटण दाबलेलं की.